सही कर, माहेर राहील

कुटुंबाची मूल्यं लिहून काढायची पद्धत आपल्याकडे नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर एखादी सकाळ काढावी. मूल्यं लिहिली जातात. मुद्रांकावर, साक्षीदारांसमोर, अंगठ्याच्या ठशासकट आणि वेबकॅमवरच्या फोटोसकट लिहिली जातात. त्या दस्ताला हक्कसोडपत्र म्हणतात. गाव बदललं, वकील बदलला तरी त्यातला मजकूर फारसा बदलत नाही : बहिणीनं राजीखुशीनं, कुणाच्याही दबावाशिवाय, एक रुपयाही न घेता, केवळ भावावरच्या प्रेमापोटी आपला हिस्सा सोडला आहे. मग फोटो, ठसा, सही. बाहेर आल्यावर भाऊ सगळ्यांना जेवायला नेतो. दिवाळीला साडी जरा बरी येते.

हे आठवायचं कारण म्हणजे 'इस्टेट प्लॅनिंग' हा शब्द सध्या माझ्या वयाच्या लोकांच्या फोनमध्ये शिरलाय. रील्स आहेत, ॲप आहेत, 'पंधरा मिनिटांत मृत्युपत्र' आहे. आमच्या कंपनीतही यावर एक वेबिनार झाला. सल्लागारानं आधी एक फॉर्म भरून घेतला. पहिला रकाना उद्दिष्टांचा, दुसरा कुटुंबाच्या मूल्यांचा. चॅटमध्ये भराभर उत्तरं आली : एकोपा, शिक्षण, समानता, आईवडिलांचा आदर. समानता लिहिणाऱ्या किती जणांच्या घरी बहिणींच्या सह्या होऊन गेल्यात, हे विचारायला त्या फॉर्मात रकाना नव्हता.

माझं म्हणणं असं आहे की वारसा नियोजन आपल्या भागाला शिकवायची गरजच नाही. पिढ्यान् पिढ्या ते चालू आहे आणि अतिशय कार्यक्षमपणे चालू आहे. त्याचं उद्दिष्ट एकच, जमीन मुलांकडे राहिली पाहिजे. मूल्यही एकच, लेकीचं गप्प बसणं. त्याला आपण प्रेम म्हणतो, संस्कार म्हणतो, आणि फारच अडचण झाली तर 'आमच्याकडे तसं नसतं' म्हणतो.

मी अठ्ठावीस वर्षांची आहे, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. वडिलांकडचं गाव कराड तालुक्यात, आईचं माहेर तासगाव तालुक्यात. म्हणजे एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला द्राक्षबाग, आणि दोन्हीकडे सह्या. मी तटस्थ वगैरे नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

कायदा, थोडक्यात नाही

आमच्या पिढीला कायदा माहीत असतो तो 'आता मुलींना पण हक्क आहे' एवढाच. हा 'आता' किती रडतखडत आला ते बघण्यासारखं आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं. ही शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. तो मुलगा पुढे देशाचा कायदामंत्री झाला आणि २७ सप्टेंबर १९५१ ला त्यानं राजीनामा दिला. राजीनाम्याचं एक मोठं कारण होतं हिंदू कोड बिल, म्हणजे बायकांना मालमत्तेत हक्क देणारा कायदा पुढे ढकलला जाणं. साताऱ्यात ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस साजरा होतो, भाषणं होतात, फोटोला हार घातला जातो. हार घालणाऱ्यांनी आपल्या बहिणीचा सातबारा एकदा उघडून बघावा, एवढंच.

१९५६ ला हिंदू वारसा कायदा आला, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला जन्मसिद्ध हक्क मुलांपुरताच ठेवून. गणित सोपं आहे. वडील, एक मुलगा, एक मुलगी. आई हयात नाही असं धरा. वडील वारले की आधी वडील आणि मुलगा अशी कागदावर वाटणी व्हायची, अर्धी-अर्धी. मग वडिलांच्या अर्ध्याचे दोन भाग. मुलाला पाऊण, मुलीला पाव. वर कलम २३ होतं. राहत्या घराची वाटणी मुलगी मागू शकत नव्हती. भावांनी ठरवली तरच तिला तिचा भाग. त्या घरात राहायचा हक्क होता, पण ती अविवाहित असेल, नवऱ्यानं टाकलेली असेल, वेगळी राहत असेल किंवा विधवा असेल तरच. संसार नीट चाललेल्या लेकीला बापाच्या घरात राहण्याचा हक्क नव्हता, पाहुणी म्हणून यायची मोकळीक होती. हे कलम २००५ पर्यंत जिवंत होतं. माझा जन्म झाला तेव्हा ते कायद्यात होतं.

महाराष्ट्रानं १९९४ मध्ये स्वतःची दुरुस्ती केली, २२ जूनपासून. मुलगी जन्मानं सहदायक झाली, पण त्या तारखेआधी लग्न झालेलं नसेल तर. म्हणजे मेच्या मुहूर्तावर उजवलेली थोरली बाहेर आणि पुढच्या वर्षी उजवलेली धाकटी आत. एकाच आईबापाच्या दोघी. अशी अट मी कोडमध्ये टाकली असती तर रिव्ह्यूमध्ये सोलून काढली असती मला. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली, लग्नाची अट गेली, कलम २३ गेलं. मग दहा-पंधरा वर्षं कोर्टात वाद : त्या दिवशी बाप जिवंत पाहिजे की नको? २०१५ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं पाहिजे. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनिता शर्मा खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं की हक्क जन्मानं आहे, बाप तेव्हा जिवंत असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय 'आमची वाटणी तोंडी आधीच झाली होती' ही पळवाटही जवळजवळ बुजवली. २० डिसेंबर २००४ च्या आधीची नोंदणीकृत वाटणी किंवा कोर्टाचा हुकूमनामा दाखवा, नाहीतर भक्कम सार्वजनिक कागद आणा.

एवढं सगळं झालं. आणि हे सगळं एका दुपारी परत करून टाकायला कितीचा मुद्रांक लागत होता? वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क भावाच्या नावे सोडायचा असेल तर कित्येक वर्षं दोनशे रुपये. कराडहून पुण्याला येऊन जायचा खर्च त्याहून जास्त होतो.

"तुला काय कमी आहे?"

आता बाजू मांडणाऱ्यांकडे वळू. ही माणसं वाईट नसतात. माझे काका आहेत, मामा आहेत, मित्र आहेत.

पहिलं म्हणणं, लग्नात खर्च केला की. केला. मांडव, डीजे, हजार पानांचं जेवण, आहेर. तो खर्च गावानं जेवला, माझ्या आत्यानं नाही. आणि हिशेबच मांडायचा तर पूर्ण मांडू. काकाच्या इंजिनिअरिंगची फी त्याच वहीत लिहा. पुण्यातल्या फ्लॅटचं डाउन पेमेंट लिहा, जे ऊसबिलातून गेलं. मुलावर केलेला खर्च ही गुंतवणूक आणि मुलीवर केलेला खर्च ही वाटणी, असं कसं काय?

दुसरं, तिला सासरी मिळतंच. हे तर साफ खोटं आहे, आणि गंमत म्हणजे बायकाही हे मनापासून मानतात. सून सासरच्या एकत्र कुटुंबात सहदायक नसते. नवरा जिवंत असेपर्यंत त्याच्या जमिनीत स्वतःच्या नावानं मालकी मागायचा हक्क तिला नाही. नवरा मेला तर ती वारस होते. म्हणजे आपण पोरीला सांगतो, माहेरचं सोड, नवरा मेल्यावर तुला मिळेल. असं कुणी भाऊबीजेच्या ताटासमोर बसून उच्चारून दाखवावं.

तिसरं, तुकडे होतील. हे म्हणणं ऐकायला शहाणपणाचं वाटतं म्हणून त्यावर थोडं थांबते. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये सरासरी खातं ४.२८ हेक्टरचं होतं. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ वर आलं. या पंचेचाळीस वर्षांत तुकडे कुणी पाडले? लेकी तर सह्या करत होत्या. तुकडे भावांनी पाडले, भावांच्या मुलांनी पाडले, आणि तेव्हा कुणी तुकडेबंदीच्या नावानं गळा काढला नाही. तिसरा भाऊ झाला म्हणून कुणी त्याला सही करायला नेलेलं तुम्ही ऐकलंय?

वाटणीचं वेड या भागाला नवीनही नाही. सांगली संस्थानच मुळात पटवर्धन घराण्यातल्या काका-पुतण्याच्या बेबनावातून उभं राहिलं. गंगाधरराव मिरजेत राहिले आणि चिंतामणराव आपासाहेबांनी सांगलीला बस्तान मांडलं. पुढे १८२० मध्ये मिरजेच्याच चार वाटण्या झाल्या. त्यातल्या दोन १८४२ आणि १८४५ मध्ये इंग्रजांनी गिळल्या, कारण गादीला पुरुष वारस नव्हता. साताऱ्यात १८४८ च्या एप्रिलमध्ये शहाजीमहाराज अगदी मरणशय्येवर असताना दत्तक घेतला गेला. डलहौसीनं तो मानला नाही आणि छत्रपतींचं राज्य खालसा झालं. (शेवटच्या दिवशी केलेल्या नियोजनाचं इतकं महागडं उदाहरण कुठल्याही वेबिनारमध्ये मिळणार नाही.) आपल्याला शाळेत यातला इंग्रजांचा कावेबाजपणा शिकवतात, आणि तो होताच. पण 'मुलगा नाही म्हणजे वारस नाही' हे वाक्य डलहौसीला वापरता आलं, कारण ते वाक्य आपल्या घरांत रोजचं होतं.

चौथं म्हणणं, परका माणूस बांधावर येईल. जावई शेत विकेल. कायद्यात याचं उत्तर १९५६ पासून पडून आहे. कलम २२ : वारसांपैकी एकानं वारशानं आलेला आपला हिस्सा विकायचा ठरवला तर विकत घ्यायचा पहिला मान बाकीच्या वारसांचा. हे शेतजमिनीलाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं. भावाला जमीन जाऊ द्यायची नसेल तर त्याला ती घेता येते. फक्त मग पैसे द्यावे लागतात. खरं दुखणं तेच आहे.

पाचवं म्हणजे भावाचं खरंखुरं म्हणणं, आणि मला ते पटतं. गावात राहून राबणारा एक असतो. आईवडिलांना दवाखान्यात नेतो, रात्रपाळीच्या विजेवर मोटर चालू करायला जातो, सोसायटीचं कर्ज फेडतो. त्याच्याएवढाच वाटा पुण्यात एसीत बसलेल्या बहिणीला का? रास्त प्रश्न आहे. पण हा प्रश्न पुण्यात एसीत बसलेल्या भावालाही विचारा ना. खानापूर-आटपाडीकडच्या कितीतरी घरांत एक भाऊ गलाईच्या धंद्यात पार तामिळनाडूत किंवा पंजाबात असतो; जावळी-पाटणकडचा एक माथाडी म्हणून मुंबईत आयुष्य काढतो; हल्ली एक टेक्सासमध्ये असतो. त्यांची नावं सातबाऱ्यावर सुखानं नांदतात. राबण्याचा मोबदला द्यायचा असेल तर तो राबणाऱ्याला द्या, मग तो भाऊ असो, बहीण असो, वहिनी असो. पुरुष असण्याचा मोबदला त्यात मिसळू नका.

आणि शेवटचं, जे मला स्वतःला ऐकावं लागतं : तुला काय कमी आहे? पगार आहे, नवराही कमावताच मिळेल, कशाला गावच्या वीस गुंठ्यांत जीव अडकवतेस?

कमी काहीच नाही. पण गरज आहे का हा प्रश्न वारशाच्या बाबतीत फक्त मुलींना विचारला जातो, मुलाला विचारला जातो तो कधी नाव लावायचं एवढाच. ज्या आत्याला खरंच कमी होतं, जिचा नवरा प्यायचा, तिलाही सहीच मागितली होती. तेव्हा म्हणाले, तिच्या हातात दिलं तर जावई उडवेल. म्हणजे कमी असलं तरी सही, कमी नसलं तरी सही. असा फंक्शन काहीही इनपुट दिला तरी एकच उत्तर देतो. त्याला अटींची गरजच काय?

माहेर तुटतं कुणामुळं

हे सगळे युक्तिवाद संपले की मग हुकमी पान येतं : भांडण नको, माहेर राहू दे.

माझ्या आईनं आणि मावशीनं तासगावला सह्या केल्या, त्याला बरीच वर्षं झाली. दोन मामा होते. सह्या करताना आजीनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, पोरींनी घराचं नाव राखलं. चारेक वर्षांत दोन्ही मामांचं बागेवरून फाटलं, म्हैसाळचं पाणी आल्यावर बांधावरून, मग शेततळ्यावरून. आज ते एकमेकांच्या दारात जात नाहीत. आईनं राखीला आधी कुणाकडे जायचं यावर दोन घरांत रुसवे आहेत, म्हणून ती दोघांकडेही पोस्टानं पाठवते. बहिणींनी एकर सोडून विकत घेतलेली शांतता भावांनी एवढ्यात उडवली. आणि तरी गावात 'हिस्सा मागितला म्हणून माहेर तुटलं' हेच वाक्य चालतं. 'हिस्सा दिला नाही म्हणून तुटलं' असं म्हणताना मी एकालाही ऐकलेलं नाही.

साताऱ्यातच जन्मलेल्या शरद जोशींनी शेतकरी संघटनेतर्फे 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम काढला होता : शेतकऱ्यानं आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा. अनेक शेतकऱ्यांनी केलाही, तेही कर्जबाजारी असताना. म्हणजे शेतकरी पुरुष हे करूच शकत नाही, असं नाही. पण तो कार्यक्रमही बायकोपाशी थांबला. बायको घरातच राहते, जमीन घरातच राहते. लेकीच्या नावे केली की जमीन उंबरा ओलांडते, आणि आपली सगळी मूल्यं त्या उंबऱ्याशी येऊन उभी राहतात.

मृत्युपत्राचं नवं हत्यार

२०२० नंतर एक चलाखी सुरू झालेली मला दिसते. हक्कसोड मागायला बहिणीसमोर बसावं लागतं. तिनं विनिता शर्मा हे नाव ऐकलेलं असलं तर पंचाईत. त्यापेक्षा बापाकडूनच मृत्युपत्र करून घ्यायचं. साध्या कागदावर होतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात. आणि हेच मृत्युपत्र आपल्याला रील्समधून 'कुटुंबाच्या शांततेसाठी' विकलं जातंय. साधन चांगलं आहे, मीही त्याच्या बाजूची आहे. पण 'नियोजन करा, वाद टाळा' म्हणणाऱ्या कुणालाही विचारा, कुणाला गप्प करून? स्वकष्टाची मिळकत बाप हवी त्याला देऊ शकतो, कायदा आडवा येत नाही. वडिलोपार्जितमध्ये मात्र तो फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच लिहू शकतो. मुलीचा जन्मानं आलेला हिस्सा त्याच्या मृत्युपत्रानं जात नाही. आमच्याकडची बहुतेक मृत्युपत्रं 'माझी सर्व जमीन माझ्या मुलांना' अशी लिहिलेली असतात, जणू सगळी त्यानं कमावलेली आहे. मुली ते वाचत नाहीत, वाचलं तर कोर्टात जात नाहीत.

जाता जाता नॉमिनीबद्दल, कारण इंजिनिअर मित्रांना वाटतं डिमॅट खात्यात नॉमिनी टाकला की नियोजन झालं. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्रावरून वारसांत जो वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ ला निकाल आला : नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसा कायद्यानं किंवा मृत्युपत्रानंच ठरणार. साऱ्या महाराष्ट्राच्या भिंतीवर मुहूर्त टांगणाऱ्या घराचंही असं झालं. तेव्हा सातबाऱ्यावर नाव एकट्या दादाचं आहे म्हणून दादा मालक, हेही डोक्यातून काढा. सातबारा महसुलाची नोंद आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नाही.

माझ्या वडिलांनी यंदा मृत्युपत्र करायला घेतलंय. मी सही करणार नाही, असं त्यांना दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, त्यावर घरात आठेक महिने थंडी होती. आता मसुदा तिसऱ्यांदा बदललाय. भाऊ गावात राहणार असेल तर विहिरीजवळचा तुकडा त्याचा आणि घराची वरची खोली माझी, एवढं जमलंय. बाकीच्या रानाची किंमत काढून भावानं मला दहा वर्षांत हप्त्यानं द्यायची की मी खंडानं त्यालाच कसायला द्यायची, यावर तो आणि मी फोनवर अजून भांडतो. आईचं नाव कुठल्याच मसुद्यात पहिल्यांदा नव्हतं. ते तिनंच, भाकरी थापता थापता, लक्षात आणून दिलं. भांडण आहे, पण ते आमच्या दोघांत, समोरासमोर आहे, आणि भावाची राखी मी पोस्टानं पाठवत नाही.

येत्या दिवाळीला बहिणीकडे सही मागायला जाणाऱ्या मित्रांना एक विनंती. तिला थेट कार्यालयात बोलावू नका. हक्कसोडपत्राचा मसुदा आठ दिवस आधी तिच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. सोबत सातबारा, आठ-अ आणि रेडीरेकनरप्रमाणे तिच्या हिश्श्याची होणारी रक्कम, आकड्यात आणि अक्षरात. 'कोणताही मोबदला न घेता' या ओळीच्या अगदी वर तो आकडा लिहा. मग विचारा.